कंपनी म्हणते २४, गाडी देते १३. बिघाड कुठे आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक लिटर इंजिनची छोटी पेट्रोल कार, वय दीड वर्ष. कंपनी २४ चं ॲव्हरेज सांगते, पुण्यात मिळतं १३. रोज सिंहगड रोडवरून डेक्कनला जाणं-येणं, एका बाजूने सात किलोमीटर. सर्व्हिसवाले म्हणतात गाडी ठणठणीत आहे. मग दोष चालवण्यात आहे का, आणि सीएनजी किट बसवावं का?

सर्व्हिसवाले बहुतेक खरं बोलतायत. सिंहगड रोडला १३ म्हणजे काही भयंकर नाही. पण १३ चे १५-१६ होऊ शकतात, एक रुपयाही खर्च न करता.

मी मेकॅनिक नाही. माझे वडील ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते आणि गाडी मी त्यांच्याकडून शिकलो, एवढीच माझी पात्रता. एसटीत ‘केपीटीएल’ नावाची गोष्ट असते. दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर, त्याचा हिशोब. आमच्या घरी बाबांचा केपीटीएल माझ्या दहावीच्या टक्क्यांपेक्षा जास्त चर्चेत असायचा. मला शिकवताना ते शेजारी बसायचे आणि मी ब्रेकवर पाय ठेवला की विचारायचे, "आत्ता हा ब्रेक का मारलास?" समोर ट्रक आला म्हणून, असं सांगितलं की म्हणायचे, "ट्रक काय आभाळातून पडला? मघापासून दिसत होता. तू मघापासून रेस का देत होतास?" तेव्हा वैताग यायचा. पुढे स्वतःच्या गाडीच्या पेट्रोलचे पैसे भरायला लागल्यावर कळलं की सगळी विद्या त्या एका प्रश्नात होती.

आता हिशोबाला बसू. तुमचे सात किलोमीटर, १३ चं ॲव्हरेज, म्हणजे एका फेरीला साधारण ५४० मिली पेट्रोल. ते जातं कुठे?

माणसांसकट ९०० किलोची गाडी ४० च्या वेगाला न्यायला जी ऊर्जा लागते, ती इंजिनाची पाव भागच कार्यक्षमता धरली तर सुमारे ७ मिली पेट्रोलची होते. चहाचा दीड चमचा. तुम्ही ब्रेक मारून थांबलात की ते दीड चमचा पेट्रोल ब्रेकच्या पॅडवर गरम होऊन गेलं, परत मिळत नाही. सात किलोमीटरमध्ये असे वीस वेळा थांबत असाल तर १४० मिली झाले. (वेग ४० ऐवजी ६० असेल तर एकेका थांबण्याला दीड नाही, तीन चमचे. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. दोन सिग्नलच्या मध्ये साठवर नेऊन परत करकचून थांबणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

सिग्नलला एकूण आठ मिनिटं उभे असाल, एसी चालू ठेवून, तर तासाला ०.९ लिटरच्या हिशोबाने १२० मिली.

५४० मधून २६० गेले, उरले २८०. सात किलोमीटरला २८० मिली म्हणजे लिटरला २५! म्हणजे गाडी चालत असताना तिचं काम चोख करतेय; तुमचं निम्मं पेट्रोल थांबण्यात आणि उभं राहण्यात जातंय. आकडे अंदाजाचे आहेत आणि उत्तर कंपनीच्या आकड्याच्या इतकं जवळ येणं हा योगायोग आहे, पण चित्र हेच आहे.

त्या २४ चं म्हणाल तर तो आकडा चाचणीचा आहे. ‘एआरएआय मायलेज’ म्हणतात त्यातली एआरएआय तुमच्यापासून लांब नाही. कोथरूडला वेताळ टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या करणारी जी संस्था आहे, जिच्यावरून त्या भागाला एआरएआय टेकडी म्हणतात, तीच. चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. रोलरवर उभी करून ठरलेल्या आलेखाप्रमाणे चालवतात: ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी, अंतर दहा-अकरा किलोमीटर, कमाल वेग ९०, एसी बंद. थांबे त्यातही आहेत, पण समोर आडवी येणारी स्कूटर नाही, स्पीडब्रेकर नाही, राजाराम पुलाजवळची गर्दी नाही. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला ठीक. आपल्या गाडीशी लावून कुढायला नाही.

तर करायचं काय? पाय लवकर उचलायचा, बस्स. दीडशे मीटरवर सिग्नल लाल दिसतोय, तर ॲक्सिलरेटर तिथेच सोडा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला पेट्रोल जाणंच बंद होतं. चाकंच इंजिनाला फिरवतात. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, खाली आयडलच्या (गाडी उभी असताना इंजिन जितकं फिरतं त्याच्या) जवळ आलं की पेट्रोल पुन्हा सुरू. म्हणजे ते शंभर मीटर जवळजवळ फुकट. आणि हळूहळू पोचेपर्यंत सिग्नल हिरवा झाला तर थांबणंच वाचलं. चालत्या गाडीला पुन्हा वेग घ्यायला फार कमी लागतं.

यात एक अडचण आहे आणि ती पुणेकरांना सांगायला नको. पुढे जागा सोडली की त्यात दोन स्कूटर आणि एक रिक्षा घुसते. घुसू द्या. मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू द्या. सिग्नलला तो तुमच्या शेजारीच उभा असणार आहे.

सिग्नलवर आकडे उलटे मोजत असतात, त्यांचा उपयोग करा. तीसच्या वर आकडा असेल तर मी इंजिन बंद करतो. पेट्रोलियम संवर्धनवाली सरकारी संस्था, पीसीआरए, तर १४ सेकंदांच्या वर थांबायचं असेल तरी बंद करा म्हणते. पण उन्हात दर सिग्नलला एसी बंद करून बसण्याइतका मी देशभक्त नाही. चालू करताना जास्त पेट्रोल जातं ही कार्ब्युरेटरच्या (इंजेक्शनच्या आधी पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) काळातली भीती, ती आता सोडायला हरकत नाही.

कार्ब्युरेटरवरून आठवलं. घाट न्यूट्रलमध्ये उतरवण्याची सवय त्याच काळातली. माझ्या काकांकडे मारुती ८०० होती, जुनी, कार्ब्युरेटरवाली. पाचगणीहून वाईला येताना पसरणी घाटात काका गाडी न्यूट्रलला टाकून सोडायचे आणि खाली आल्यावर अभिमानाने सांगायचे, "एक थेंब जाळला नाही!" बाबा एकदा त्यांच्याबरोबर बसले. दुसऱ्या वेळी पाचगणी स्टँडवरच उतरले आणि म्हणाले, "तू हो पुढे, मी एसटीने येतो." ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा त्यांचा धर्म होता.

काकांचं अगदीच चूक नव्हतं. कार्ब्युरेटर गिअरमध्ये उतरतानाही पेट्रोल ओढत राहायचा, न्यूट्रलमध्ये थोडं कमी जायचं. आता हिशोब उलटा आहे: उतारावर गिअरमध्ये शून्य, न्यूट्रलमध्ये आयडलचं चालूच. सपाटीवर न्यूट्रलमध्ये गाडी जास्त लांब घरंगळते हे खरं आहे, कोणी तसा वाद घालेल तर त्यात तथ्य आहे. पण घाटात सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी हात वर करतो. इंजिनच बंद करून उतरणारे महाभागही पाहिलेत. ब्रेकला जोर देणारा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही गेलं की मग वाचवलेलं पेट्रोल कोण मोजणार?

हायवेवर गणित वेगळं. तिथे ब्रेक कमी, शत्रू हवा. वेग ८० वरून १०० केला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि छोट्या उंच गाड्या त्यात आणखी मार खातात. मी सातारा-पुणे वर्षानुवर्षं करतोय, वहीत नोंद आहे: ८० च्या आसपास राहिलो तर २१-२२, घाईत १०५-११० वर गेलो तर १७. आणि वेळ वाचतो दहा-बारा मिनिटं, कारण आनेवाडी आणि खेड शिवापूरचे टोल नाके दोघांनाही सारखेच. पीसीआरए ४५-५५ चा वेग सर्वात फायद्याचा म्हणते. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण हायवेला त्या वेगाने गेलात तर मागचे ट्रकवाले तुमच्या कुळाचा उद्धार करतील.

एसीबद्दल. छोट्या इंजिनाला एसी जड जातो, कारण ५० च्या वेगाने जायला अशा गाडीला ताकदच थोडी लागते आणि कॉम्प्रेसरचा हिस्सा त्यात मोठा दिसतो. शहरात दीड-दोन किलोमीटरचा फटका धरा. उन्हात उभी गाडी आधी काचा उघडून अर्धा किलोमीटर चालवा, कोंडलेली हवा जाऊ द्या, मग एसी लावा. पण एप्रिलमध्ये घामाघूम होऊन ऑफिसला जाऊ नका. त्यातून दिवसाला जे वाचतं त्यात फार तर एक कटिंग येतं.

सर्वात महागडी सवय म्हणजे ‘कोपऱ्यावर जाऊन येतो’. थंड इंजिन पहिले दोन-तीन किलोमीटर जास्त पेट्रोल खातं. दुधाची पिशवी आणायला गाडी काढत असाल तर तुमचा १३ मधला एखादा किलोमीटर तिथे गेला. सकाळी पाच मिनिटं उभ्या उभ्या गाडी गरम करणंही नको. सुरू करा, पट्टा लावा, हळू निघा.

चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवता का? तर पेट्रोलचं सोडा, क्लच प्लेटचं बिल बघून डोळे पांढरे होतील.

टायरमधली हवा पंपावरच्या पोराच्या मनाने भरू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, तो आकडा सांगा, आणि टायर थंड असताना भरा. मी महिन्यातून दोनदा बघतो.

इंधनाचाही वाटा आहे. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्के कमी. चौदाचे तेरा होतात ते असे. यात तुमच्या-माझ्या पायाचा काही इलाज नाही.

हे सगळं करण्याआधी मोजायचं कसं ते पक्कं करा. तुमचा १३ हा आकडा स्क्रीनवरचा असेल तर तो बहुधा थोडा खुशामत करणाराच आहे. टाकी फुल करा, पंपाची नळी आपोआप बंद होते त्या पहिल्या ‘टक’ला थांबायला सांगा, किलोमीटर शून्य करा. तीन-चारशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा फुल, पुन्हा पहिल्या ‘टक’ला. किलोमीटर भागिले लिटर. अशा तीन टाक्या झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

आता सीएनजी. रोज जाऊन-येऊन १४, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे ३५० किलोमीटर. तुमचं महिन्याचं पेट्रोलच २७ लिटर आहे हो! एवढ्या वापरात किटचे पैसे सुटायला वर्षं जातील, तोवर डिकी गेली आणि सिलिंडरची ठरावीक मुदतीची तपासणी मागे लागली ती वेगळीच. रोज साठ-सत्तर किलोमीटर असतं तर मीच बसवा म्हटलं असतं. १३ चे १६ झाले तरी तुमचे महिन्याला पाच लिटर वाचतील. त्यासाठी फक्त पाय हलका हवा.

इंजेक्टर साफ करणाऱ्या बाटल्या दीड वर्षाच्या गाडीला नकोत. आणि हा प्रश्न पुढे येणारच म्हणून आत्ताच सांगतो: सकाळी लवकर भरलं की पेट्रोल जास्त मिळतं, हे खरं नाही. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथे सकाळ-दुपारचा फरक फारसा पोचत नाही. सकाळी फक्त रांग कमी असते.