वाचकांचे प्रश्न: रूळ इमारतीच्या पोटातून का?

प्रश्न: अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲशली गावच्या 'ह्यूबर ब्रेकर'चा जुना फोटो बघितला. काचाच काचा असलेली काळी उंच इमारत आणि रेल्वेचे रूळ थेट तिच्या खाली गेलेत. कोळसा साफ करायला एवढी उंची कशाला? आणि ते बंद का पडलं?

उत्तर: ब्रेकर म्हणजे कोळसा फोडून साफ करायचा कारखाना, आणि त्यात उंची हीच खरी मशीन होती. खाणीतून आलेला अँथ्रासाइट, म्हणजे कडक, कमी धुराचा दगडी कोळसा, आधी सगळ्यात वर चढवायचा आणि मग तो खाली येता येता फोडायचा, चाळायचा, पाण्यात धुवायचा. कोळसा हलका, त्यातला दगड जड, म्हणून धुताना दोन्ही वेगळे होतात. शेवटी आकारानुसार कप्पे, आणि कप्प्यांच्या खाली रुळांवर उभ्या वाघिणी, दार उघडलं की माल थेट आत. म्हणून रूळ पोटातून. आकारांची नावं तर फार गोड आहेत, अंड्याएवढा तो एग, मग चेस्टनट, वाटाण्याएवढा पी, बकव्हीट, राइस, बार्ली. घरातल्या शेगडीला कुठला लागतो ते गिऱ्हाइकाला तोंडपाठ असायचं.

ह्यूबर 1939 साली ग्लेन आल्डेन कंपनीने उभारला, दिवसाला साधारण 7000 टन कोळसा साफ करायची ताकद होती. तोवर मशीन आल्या होत्या, पण त्याआधीच्या ब्रेकरांमध्ये हेच दगड वेचायला आठ-दहा वर्षांची पोरं बसवायचे, घसरत येणाऱ्या कोळशावर वाकून, दिवसभर धुळीत. या उद्योगाबद्दल बोलताना ती पोरं विसरून चालणार नाही असं मला मनापासून वाटतं.

आता रेल्वे. तिथे कोळसा आणि रेल्वे ही दोन वेगळी खाती नव्हतीच, खाणी रेल्वे कंपन्यांच्याच ताब्यात असायच्या. 1906 च्या हेपबर्न कायद्याने रेल्वेला स्वतःच्या मालकीचा माल वाहायला बंदी घातली, कोर्टकज्जे झाले, आणि त्यातूनच 1921 मध्ये लॅकवाना रेल्वेचा कोळशाचा धंदा वेगळा काढून ग्लेन आल्डेन झाली. ॲशलीत मात्र यार्ड होतं सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीचं, आणि पुढे लगेच डोंगर. हा डोंगर ओलांडायची सोय मला सगळ्यात भारी वाटते. 1840 च्या दशकापासून तिथे 'ॲशली प्लेन्स' होते, तीन सरळ उतार, वर जागेवर बसवलेली वाफेची इंजिनं, आणि कोळशाने भरलेल्या वाघिणी तारेच्या दोराने ओढून सुमारे हजार फूट वर चढवायच्या. रिकाम्या वाघिणी परतायला फेऱ्याची लांब लाईन वेगळी होती. हे 1948 पर्यंत चाललं, म्हणजे ह्यूबर सुरू झाल्यावरही नऊ वर्षं!

बंद का पडलं? लोक खाणीचा अपघात सांगतात. 22 जानेवारी 1959 ला जवळच्या नॉक्स खाणीत सस्केहाना नदी घुसली, 12 जण गेले आणि त्या खोऱ्यातली खोल खाणकामं जवळपास संपली. पण धंद्याला उतरती कळा त्याच्या खूप आधीच लागली होती. पेनसिल्व्हेनियाच्या अँथ्रासाइटचं शिखर 1917 मध्येच होतं, सुमारे 10 कोटी टन, त्यानंतर घरं हळूहळू तेलावर आणि गॅसवर गेली. गिऱ्हाईक टिकावं म्हणून कंपनीने कोळशाला चक्क निळा रंग मारून 'ब्लू कोल' या नावाने विकला, रेडिओवर जाहिराती केल्या. गिऱ्हाईक टिकलं नाही, आणि कोळसा कमी झाला तशी रेल्वेही खचली. ॲशलीतली ती सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सी 1967 मध्ये दिवाळखोरीत गेली, 1972 मध्ये तिने पेनसिल्व्हेनियातून अंग काढून घेतलं. ह्यूबर 1976 ला थांबला.

पुढची जवळपास चाळीस वर्षं तो तसाच उभा होता, गावातल्या लोकांनी म्युझियम व्हावं म्हणून खूप धडपड केली, पण 2014 मध्ये भंगारासाठी पाडला. आता तिथे जाऊन काचा दिसणार नाहीत, पण मागच्या डोंगरावर झाडीत प्लेन्सच्या खुणा अजून आहेत.