‘फीचर’ म्हणजे वैशिष्ट्य की सोय?

संगणकाला सूचना देण्यासाठी जावासारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा असतात. इंग्रजी ‘फीचर’साठी ‘जावामध्ये नवीन वैशिष्ट्ये जोडली’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि अशा भाषा ‘उत्क्रांत होतात’ असं म्हणावं का, असा प्रश्न आहे. मी दोन्हीकडे वेगळे शब्द वापरेन.

इतरांपासून वेगळं उठून दिसतं ते वैशिष्ट्य. ते अंगचं असतं, मागाहून जोडायचं नसतं. आता ‘लॅम्डा’ बघा, म्हणजे नाव न देता जागच्या जागी लिहिलेलं फंक्शन (ठरावीक काम करणारा सूचनांचा गट). लिस्प भाषेत ते साठ वर्षांहून जास्त काळ आहे. सी प्लस प्लसमध्ये २०११ साली आलं, जावात २०१४ साली. इतक्या जणांकडे आधीच असलेली गोष्ट जावाचं वैशिष्ट्य कशी? ती सोय. ‘जावात लॅम्डाची सोय झाली’ हे वाक्य कानालाही बरं वाटतं.

सोय म्हटलं की ‘कोणाची?’ हा प्रश्न पाठोपाठ येतो, म्हणून तर हा शब्द मला फार आवडतो. पायथन या भाषेच्या ३.८ आवृत्तीत, २०१९ साली, ‘वॉलरस’ हे चिन्ह आलं : विसर्गासारखी दोन टिंबं आणि त्याला लागून बरोबरचं चिन्ह. त्यामुळे अट तपासता तपासताच किंमत (व्हॅल्यू) साठवता येते आणि एक ओळ कमी लिहावी लागते. लिहिणाऱ्याची सोय झाली, पण वाचणाऱ्याला एका ओळीत दोन कामं उलगडावी लागतात. यावर इतका कडाक्याचा वाद झाला, की प्रस्ताव मंजूर केल्यावर जुलै २०१८ मध्ये पायथनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम अंतिम निर्णयाच्या अधिकारावरून बाजूला झाले.

‘उत्क्रांती’ कोणी बसून ठरवत नाही. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत प्रत्येक बदल ठरवून होतो. शिवाय आपण माणसं बदल सांभाळून घेतो. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, तरी जुन्या पुस्तकातलं ‘केलें’, ‘नांव’ आपण न अडखळता वाचतो. संगणक तसं करत नाही. पायथन २ मध्ये ‘प्रिंट’ या मजकूर दाखवायच्या आज्ञेपुढे कंस नसला तरी चालायचं. २००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये तो सक्तीचा झाला आणि बिनकंसाचे जुने प्रोग्रॅम चालेनासे झाले. म्हणून जुनं काढायला सगळे कचरतात आणि भाषेत नुसती भर पडत जाते. ‘भर घालणे’ हाच इथला नेमका शब्द. त्यात घालणारा कोण ते विचारता येतं, आणि ओझं वाढतंय हेही कळतं.

भर घालूच नये असं मी म्हणणार नाही. गो भाषेत एकच काम पूर्णांकांसाठी आणि अपूर्णांकांसाठी दोनदा लिहावं लागायचं. जेनेरिक्सची, म्हणजे एकदाच लिहिलेलं काम अशा वेगवेगळ्या प्रकारांसाठी वापरता येण्याची, मागणी सुरुवातीपासून होती. पहिली पक्की आवृत्ती २०१२ ची, जेनेरिक्स मात्र मार्च २०२२ मध्ये आले. दहा वर्षं थांबून घेतलेली ही सोय मला पटते. तिच्याबद्दल मी लिहीन : ‘गोच्या १.१८ आवृत्तीत जेनेरिक्सची भर घातली.’