उशीखालच्या लाल गोळ्या

प्रश्न : आम्ही दिंडोरी रोडला राहतो. माझी धाकटी जाऊ 19 वर्षांची आहे, पाचवा महिना चालू आहे. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या तिच्या उशीखाली सापडल्या. विचारलं की रडते. जेवण नावापुरतं, मैत्रिणींचे फोनही घेत नाही. सासूबाई म्हणतात, "आम्ही दिवस भरेपर्यंत द्राक्षाच्या बागेत राबलो, हिचीच नाटकं." लग्नामुळे तिची बारावीही राहिली. तिला कसं समजावू?
– थोरली जाऊ, नाशिक

उत्तर : ताई, समजावणं जरा बाजूला ठेवा. ती एकटी असताना एवढंच विचारा, "गोळी घेतल्यावर तुला काय होतं गं?" या गोळीने मळमळतं, पोट साफ होत नाही, शौचाला काळं होतं. ते काळं बघून पोरी घाबरतात, आणि सासरी असलं कुणापाशी बोलणार? समुपदेशनाच्या खोलीत मला हे बहुतेक वेळा सोबतची बाई बाहेर गेल्यावरच कळलंय. काळं होतं ते लोहामुळे, हे तिला सांगा.

शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळायची, ती तिला आठवत असेल. आताची लाल, रोज एक, चौथ्या महिन्यापासून निदान 180 दिवस. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घेऊ दे. कॅल्शियमची गोळी या लाल गोळीसोबत नको, आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहाही नको. जेवणात लिंबू किंवा पेरू असला की लोह अंगी लागतं. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर गोळ्यांचं प्रमाण डॉक्टर ठरवतील.

एवढ्या लहान वयात रक्तदाब वाढण्याचा, झटके येण्याचा आणि बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका जास्त असतो. सासूबाईंना हे मान देऊनच सांगा, वाद घालू नका. मात्र एका बाबतीत ऐकू नका: फवारणी चालू असताना तिने बागेत जायचं नाही आणि फवारणीचे कपडेही धुवायचे नाहीत.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. सिव्हिलला न्या, नाहीतर जवळच्या आरोग्य केंद्रात. तपासणीचं कार्ड तिच्या हातात द्या, डॉक्टरांशी तिला बोलू द्या. तुम्ही बाहेर बाकावर बसलात तरी चालेल! डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड सुजलं, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, नाहीतर पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल मंदावली, तर तारखेची वाट न बघता 108 ला फोन. हे तिला स्वतःला पाठ असू दे, कारण घरात कुणी नसेल तेव्हा फोन तिलाच करायचाय.

राहिलं रडणं. दोन आठवडे उलटूनही झोप, भूक परतली नाही तर डॉक्टरांना सांगा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली तर तिला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही.

आणि मला विचाराल तर तिच्या रडण्याचं मूळ त्या राहिलेल्या बारावीत असू शकतं. पोट दिसायला लागलं की मैत्रिणींना तोंड दाखवायलाही या वयात लाज वाटते. एखादीला घरीच बोलवा. 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येतं, जवळच्या ज्युनिअर कॉलेजात चौकशी करा. लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. बाळंतपणाची तारीख बघून यंदा बसायचं की पुढच्या वर्षी, ते तिचं तिला ठरवू द्या.