आडवी झाली तर उचलशील का?

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू गाडीचं विचारलंस, कच्च्या वाटेलाही चालेल अशी कुठली मोटरसायकल घ्यायची ते, आणि मी "बघू, सांगतो" म्हणून विषय बदलला, कारण तुझा फोन स्पीकरवर होता आणि मागे पोळपाटाचा आवाज एकदम थांबला होता. माझ्या बहिणीला मी पन्नास वर्षं ओळखतो. म्हणून हे लिहून पाठवतोय. तिला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

तू नावं पाठवलीस: हीरोची एक्सपल्स २१०, रॉयल एनफील्डची हिमालयन ४५०, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स, आणि पुण्याच्या मावसभावाच्या मित्राची जुनी हिमालयन ४११. प्रत्येकीपुढे पॉवर, टॉर्क, मायलेज, किंमत. तक्ता झकास केला आहेस, पण त्यात एक रकाना राहिला. गाडी आडवी पडली तर ती तुला एकटीला उचलता येईल का?

हा रकाना मी चिखलात शिकलो. एक्केचाळीस वर्षांचा होतो, जड गाडी नवीन घेतली होती. जूनचा शेवट, दोन दिवस पाऊस पडून उघाड पडलेली. इंदूरहून चोरलकडे जाताना डांबरी सोडून शेतातल्या गाडवाटेला लागलो. आपल्या माळव्याची काळी माती तू बसच्या खिडकीतून पाहिली आहेस. पाणी प्यायली की ती फुगते, साबणासारखी होते. नुसती घसरडी असती तरी चाललं असतं, पण ती चिकटते. पुढच्या टायरवर एक थर, त्यावर दुसरा, मग तो टायर आणि मडगार्डच्या फटीत दाबून बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. मागचं चाक जागच्या जागी खड्डा खणतंय आणि पुढचं नांगरासारखं ओढलं जातंय. बाभळीची काडी मोडून मडगार्डमधली माती उकरली, दहा पावलं गेलो, पुन्हा जाम. तिसऱ्यांदा गाडी उजवीकडे कलंडली तेव्हा मला ती उठवता आली नाही. पाय रोवावा तर बुटाखाली दोन-दोन किलोचे गोळे. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकतंय, आणि मी शेजारी उकिडवा बसून बघतोय.

पाऊण तासानं डोक्यावर पोतं घेतलेला एक शेतकरी आला. एका बाजूनं तो, एका बाजूनं मी, तेव्हा कुठे ती उभी राहिली. हात झटकत तो म्हणाला, "भैया, अकेले के बस की नहीं थी, तो लाए क्यों?" मला उत्तर सुचलं नाही. दोन वर्षांनी गाडी विकली.

तर वजन. हिमालयन ४५० पेट्रोलसकट १९६ किलो. एक्सपल्स २१० साधारण १६८, व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७. मधला फरक अठ्ठावीस-तीस किलोंचा, म्हणजे गव्हाचं अर्ध्याहून जास्त भरलेलं पोतं म्हण. हमरस्त्यावर हे पोतं जाणवत नाही, उलट वाऱ्यात गाडी जरा स्थिर वाटते. उभी गाडी ढकलत वळवायची असेल, ओढ्यातून काढायची असेल, तेव्हा ते तुझ्या पाठीवर असतं. त्यावर तू मागे दोन बॅगा, तंबू आणि पाण्याची बाटली बांधणार, ते वेगळंच.

हिमालयन ४५० वाईट आहे असं म्हणत नाही. ४५२ सीसी, ४० पीएसची ताकद, १७ लिटरची टाकी, लडाखला जाऊन येणाऱ्यांना विचार, खूश असतात. पण तू लडाखला किती वेळा जाणार? आणि महूपुढच्या घाटमाथ्यावरच्या त्या जुन्या वेशीला, जाम दरवाजाला, किती वेळा? मला वाटतं दर दुसऱ्या रविवारी तू महू ओलांडून मंडलेश्वरच्या घाटात असशील. तिथं ४० पीएसला करायला काही काम नाही. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा, म्हणजे गाड्यांची चाचणी घेणाऱ्या केंद्राचा, ११.३ किलोमीटरचा गोल ट्रॅक आहे, तिथं गाड्या कशा सुटतात ते मी कारखान्यात जाता-येता ऐकलं आहे. तुला तिथं कोणी सोडणार नाही.

आता उंची. तू पाच फूट दोन इंच. या सगळ्या नव्या गाड्यांची सीट ८२५ ते ८३५ मिलिमीटरच्या आसपास आहे आणि शोरूममध्ये बसल्याबरोबर तुझे दोन्ही पाय टोकावर येणार. तिथला पोरगा लगेच म्हणेल, "मॅडम, लिंक बदलून खाली घेऊ." नको. लिंक म्हणजे मागच्या सस्पेन्शनची जोडपट्टी. ती बदलून मागची बाजू खाली आली की गाडीचा तोल बदलतो, साइड स्टँड लांब पडतो, आणि ज्या उंचीसाठी एवढे पैसे मोजले तीच जाते. त्याऐवजी दोन गोष्टी कर. एक, सीटवरून जरा डावीकडे सरकून एकच पाय पूर्ण टेकव. थांबताना दोन पाय लागतात हा स्कूटरवाल्यांचा समज आहे. दुसरं, पोटाशी सीट किती रुंद आहे ते बघ. अरुंद सीटची ८३० रुंद सीटच्या ८०० पेक्षा सोपी पडते, कारण मांड्या फाकत नाहीत. फारच झालं तर सियागंजच्या बाजूला एखादा सीटवाला गाठून फोम पाऊण इंच छिलून घे, शंभरदा सांगून, की जास्त नको.

तक्त्यात तू चाकांचा आकार लिहिला आहेस, पण त्याचं काय करायचं ते तुला कळलेलं दिसत नाही. २१ इंचाचं पुढचं चाक दगडावर चढतं, १९ इंचाचं त्याला धडकतं, १७ इंचाचं खड्ड्यात बसतं. थोडं वाढवून सांगितलं, पण मुद्दा हाच. व्ही-स्ट्रॉम एसएक्सला पुढे १९ आहे आणि सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाकाला वर-खाली हलायची जागा, तीही बेताची. पुढे चोचीसारखं वरचं मडगार्ड आहे, काच आहे, दिसायला रानात जाणारी. खरं म्हणजे ती लांबच्या डांबरी रस्त्याची गुणी गाडी आहे, जी कच्च्या वाटेला नाही म्हणत नाही. इंदूर-मुंबई करायचं, मध्ये भेरूघाटात ट्रकमागून सुटायचं, संध्याकाळी पाठ न दुखता उतरायचं, तर मी तीच घेईन. एक्सपल्सला पुढे २१, मागे १८, आणि ती रानात सुखी असते.

२१ इंचाबरोबर तारांचं चाक येतं आणि बहुतेकदा ट्यूब. ट्यूबलेस पंक्चर म्हणजे रस्त्याकडेला दहा मिनिटं, पट्टी खुपसली, पंपानं हवा भरली, निघालो. ट्यूब म्हणजे चाक काढा, टायर रिमवरून उतरवा, ट्यूब बदला, आणि टायर चढवताना पान्याच्या टोकानं नवी ट्यूब फाडा. ती फाडल्याशिवाय कोणी शिकत नाही. मी दोन फाडल्या. कच्च्यावर हवा थोडी उतरवतात हे तू ऐकलं असशील, पण ट्यूब असेल तर फार उतरवू नकोस. दगडावर आपटलं की ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली जाते आणि सापानं चावल्यासारखी शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

मडगार्डही बघ. मागे सांगितलं ते पुन्हा होऊ नये तर पुढचं मडगार्ड टायरपासून चांगलं वीतभर वर हवं. चोचीसारखी दिसणारी ती गोष्ट शोभेची नाही. काही गाड्यांना चोचही असते आणि टायरला चिकटून दुसरं मडगार्डही. ते निघतं का, किती स्क्रू आहेत, विचारून घे.

पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. तुझ्या तक्त्यातले काही आकडे त्याआधीचे दिसतात. एक्सपल्स आणि व्ही-स्ट्रॉम स्वस्त बाजूला आल्या, हिमालयन महाग बाजूला गेली. शिवाय ३५० सीसीच्या वर थर्ड पार्टी विम्याचा हप्ता जवळपास दुप्पट आहे, आणि नवी गाडी घेताना तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. शोरूमची किंमत ऐकून खूश होऊ नकोस, रस्त्यावर येईपर्यंतचा आकडा कागदावर लिहून घे.

तो आकडा तुझ्या बजेटपेक्षा पंचवीस-तीस हजारांनी कमीच असला पाहिजे, कारण तेवढे अंगावर घालायला लागतात. आयएसआयचं, हनुवटी झाकणारं हेल्मेट, घोटा पूर्ण झाकणारे बूट, गुडघ्याचे गार्ड, हातमोजे. इंजिनखाली पत्रा आणि लिव्हर वाचवायला हँडगार्ड. यातलं काहीतरी "पुढच्या महिन्यात घेऊ" असं वाटेल तुला. मला बूट पुढच्या महिन्यात घेऊ असं वाटलं होतं, आणि पाऊस येताना माझा डावा घोटा अजून मला हवामान खात्याच्या आधी सांगतो.

पुण्याची जुनी ४११. मोहात पाडणारी गोष्ट आहे, मला ती गाडी आवडतेच. ८०० मिलिमीटरची सीट तुझ्या बेताची, इंजिन सरळ स्वभावाचं, उघडून दुरुस्त करायला सोपं. वजन मात्र ४५० पेक्षा कमी नाही. आणि एमएच पासिंगची गाडी एमपीत कायमची आणलीस तर बारा महिन्यांत इथला नंबर घ्यावा लागतो, तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, इथला रोड टॅक्स भरावा लागतो, तिकडचा परतावा मागायला चपला झिजवाव्या लागतात. हे सगळं धरलं की स्वस्ताई किती उरते ते मोज. कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचं नाव आरसीवरून उतरलंय ना, ते आधी.

जुनीच घ्यायची असेल तर इंदूरमधली एमपी-०९ शोध. सकाळी जा, इंजिन गार असताना. मालकानं तू यायच्या आधीच चालू करून ठेवली असेल तर सायलेन्सरला हात लावायच्या आधी मनात एक खूण कर. हँडल मधोमध ठेवून मागून एका ओळीत दोन्ही चाकं बघ, पडून वाकलेली गाडी तिथं कळते. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर तेलाची रेघ आहे का, तारांवर पेन्सिल टिचकीनं वाजवून सगळ्यांचा आवाज सारखा येतो का. एक तार "थप्प" वाजली की ती ढिली. फुटरेस्टचं आणि क्लच लिव्हरचं टोक घासलेलं असेल तर गाडी पडलेली आहे. पडणं गुन्हा नाही, मालक "कधीच नाही पडली" म्हणाला तर तो गुन्हा.

माझं मत विचारलंस म्हणून: एक्सपल्स. २१० घे, किंवा पैसे ताणत असतील तर जुनी २०० फोर-व्ही (चार व्हॉल्व्हवाली) बघ, ती १६० किलोच्या आसपास आहे आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी तिला हात लावणारा मिस्त्री सापडतो. बागलीच्या पुढे साखळी तुटली तर हा मुद्दा तुला पटेल. हमरस्त्यावर ऐंशी-नव्वदच्या वर ती फार खूश नसते. तूही नसावंस, पण ते तुझ्या आईचं वाक्य आहे.

घ्यायच्या आधी एक कर. शोरूमवाले त्यांची गाडी तुला आडवी पाडू देणार नाहीत, म्हणून येत्या रविवारी सकाळी रामबागेत माझ्या घरी ये. अंगणात जुनी गादी टाकू आणि माझी गाडी तिच्यावर निजवू. उजवीकडे पडलेली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर उघडून ठेवायचा, म्हणजे उठवल्यावर पलीकडे कलंडत नाही. गिअर टाकायचा, हँडल टाकीकडे पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवायची, एक हात हँडलच्या मुठीवर, दुसरा मागच्या दांडीला, आणि छोटी-छोटी पावलं मागे टाकत पायांनी उठायचं. पाठ सरळ. कमरेतून वाकून ओढलीस तर सोमवारी ऑफिसला जाणार नाहीस. एकदा जमलं की पुन्हा निजवू, मागे वीस किलो तांदूळ बांधून. तेव्हाही उठली तर माझी भीती गेली.

चपला घालून येऊ नकोस, बूट घाल. आणि रिकाम्या पोटी ये, पोहे-जिलबी नंतर.

तुझा,
मामा