पहिल्या शिबिराला निघताना

इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यानकेंद्रावर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला तुम्ही प्रथमच निघाला आहात, म्हणून कळकळीने सांगतो. पहाटे ४ वाजता घंटा होते, तेव्हा लवकर उठण्याची सवय घरीच लावून घ्या. पहिले तीन दिवस केवळ श्वासाकडे, नाकपुड्यांच्या कडांना आत येताना गार आणि बाहेर पडताना कोमट लागणाऱ्या त्या झुळकीकडे, लक्ष ठेवायचे असते. मन शंभरदा पळेल, परंतु न चिडता त्याला परत आणणे हीच माझ्या मते खरी साधना आहे. पुढे तासभर न हलता बसताना गुडघा ठणकू लागला, तर वेदनेशी झुंजू नका, ती कशी वाढते आणि ओसरते एवढेच पाहा. मौन असले तरी अडचण आचार्यांना दुपारी अवश्य विचारा.