कोलंबस, इंडियाना: मिडवेस्ट की साउथ?

पुण्याहून इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीच्या बदलीवर अमेरिकेत कोलंबसला येताय आणि विचारलंत, "हे मिडवेस्ट (अमेरिकेचा उत्तर-मध्य भाग) धरायचं की साउथ (दक्षिणेकडची राज्यं)? माणसं कशी आहेत?" मी इथे १२ वर्षं राहतेय. नकाशावर मिडवेस्ट, पण गाव दोन्हीकडचं आहे. हे आधीच कळलं तर लवकर रुळाल.

आय-६५ महामार्गाने राज्याची राजधानी इंडियानापोलिस उत्तरेला साधारण ७० किलोमीटर, तर ओहायो नदीपलीकडचं केंटकीतलं लुइव्हिल दक्षिणेला १२० च्या आसपास. इंडियानाचा हा दक्षिण भाग वसवला तोच मुख्यतः केंटकी, व्हर्जिनिया, कॅरोलिनाकडून आलेल्या कुटुंबांनी. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या अब्राहम लिंकनचं कुटुंबही १८१६ मध्ये, इंडियाना राज्य झालं त्याच वर्षी, केंटकीतून नदी ओलांडून आलं. ती बोली अजून ऐकू येते. 'पेन' आणि 'पिन' अनेकांच्या तोंडी एकच. शेजारच्या आजी 'वॉश'ला 'वॉर्श' म्हणतात. सुरुवातीला फोनवर काही कळलं नाही, तर आपलंच इंग्रजी कच्चं असं मुळीच मानू नका.

गुलामगिरी असलेल्या केंटकीतून नदी ओलांडली की सगळं बदलायचं, असंही नव्हतं. गुलामगिरीला मनाई असलेल्या याच राज्याने १८५१ च्या घटनेत कृष्णवर्णीयांना वस्तीला यायलाच बंदी घातली होती. हे माहीत असू द्या.

शाकाहारी असाल तर जेवणाकडे नीट लक्ष द्या. पॉटलकमधला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणातला) कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला एकत्र पदार्थ, मिडवेस्टचा, पण त्याच्या बाजूला ठेवलेली फरसबी बहुधा दक्षिणी पद्धतीने बेकन घालून शिजवलेली. इथली बिस्किटं म्हणजे मऊ पावासारखी, त्यांच्यावरच्या ग्रेव्हीत बहुधा सॉसेज असतं. "मांस आहे का?" एवढंच विचारून भागत नाही, कारण चवीपुरतं बेकन काहींच्या हिशेबात मांस नसतं. "बेकन, हॅम घातलंय का?" असंच विचारा.

ओळख झाली की "कुठल्या चर्चला जाता?" येईल. दचकू नका, आपल्याकडे "मूळ गाव कुठलं?" विचारतात, तितक्याच सहज विचारतात. "आम्ही हिंदू" म्हटलं की बहुतेक जण कुतूहलाने दिवाळीबद्दल विचारतात.

नाराजी मात्र अस्सल मिडवेस्टी: तोंडावर बोलणार नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात आमच्या अंगणातलं गवत वाढलं, तेव्हा शेजारी हसत म्हणाले, "आमचं मशीन हवंय का?" मी आभार मानून नको म्हटलं. ती तक्रार होती, हे मला दोन आठवड्यांनी समजलं. तुम्हाला कोणी असं विचारलं, तर त्याच संध्याकाळी गवत कापा.