वाचकांचे प्रश्न : आधी रस्त्याचं काम ठरवा, मग रुंदी

प्रश्न : आमच्या गावची बाजारपेठ साडेसात मीटर रुंदीच्या रस्त्यावर आहे. एसटी, केळीच्या गाड्या, उसाच्या ट्रॉल्या सगळ्या तिथूनच जातात. पालिका रुंदीकरण करणार म्हणते. कोंडी सुटेल का?
– एक वाचक, यावल तालुका

उत्तर : नुसत्या रुंदीकरणाने सुटणार नाही. शहरी रस्त्यांच्या क्षमतेबद्दल इंडियन रोड्स काँग्रेसचं (आयआरसी, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) १०६ क्रमांकाचं मार्गदर्शक (१९९०) आहे, त्यातले आकडे पाहा. तुमचा साडेसात मीटरचा, म्हणजे दोन लेनचा दुतर्फा रस्ता. त्यावर दुकानांची दारं उघडत नसतील, गाड्या उभ्या राहत नसतील तर तासाला १५०० पीसीयू वाहून नेतो. पीसीयू म्हणजे प्रत्येक वाहनाचं मोटारीच्या हिशेबात केलेलं मोजमाप. त्याच रुंदीच्या रस्त्यावर दुकानं, उभ्या गाड्या आणि जागोजागी आडवी रहदारी आली की आकडा ९०० वर येतो. हे ६०० रस्त्याच्या कडेला गेले. रुंद केलेली पट्टी लोटगाड्या आणि मोटारसायकलींनी भरली, की पुन्हा तेच.

दुसरा हिशेब ट्रॉलीचा. ट्रॅक्टर-ट्रॉलीला ४ ते ५ पीसीयू धरतात, हातगाडीला २ ते ३. तासाला ४० ट्रॉल्या गेल्या तर त्याच १६० ते २०० पीसीयू खातात, म्हणजे ९०० मधला जवळपास पाचवा हिस्सा. या ट्रॉल्यांना बाजारपेठेत काहीच काम नसतं.

म्हणून आधी वर्गवारी करा. पुस्तकात धमनी, उपधमनी, संग्राहक आणि स्थानिक असे चार वर्ग आहेत. छोट्या गावाला तीन पुरतात : गाव ओलांडणारा, वस्त्या जोडणारा आणि दारापर्यंत नेणारा. रस्ता कोणत्या खात्याचा आहे किंवा त्याचं नाव काय, यावरून वर्ग ठरवू नका. धुळ्याचा आग्रा रोड घ्या : नाव हमरस्त्याचं, काम बाजारपेठेचं. एकाच रस्त्यावर दोन कामं लादली की दोन्ही बिघडतात.

काम ओळखायला मोजणी करावी लागते, आणि ती महाविद्यालयातली मुलंही करू शकतात. गावाच्या दोन्ही टोकांना दोघं-दोघं उभे करा. एकाने गाडीचा प्रकार आणि नंबरातले शेवटचे चार आकडे सांगायचे, दुसऱ्याने वेळेसह लिहायचे. सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ७, दर १५ मिनिटांचा वेगळा कागद. गाव दोन किलोमीटरचं असेल आणि तोच नंबर १५ मिनिटांच्या आत दुसऱ्या टोकाला दिसला, तर ती गाडी गावात थांबलेली नाही. अशा गाड्या वळवायच्या. मोजणी एका आठवडे बाजाराच्या दिवशी आणि एका साध्या दिवशी करा. ऊस किंवा केळी जोरात असताना करा. मे महिन्यातल्या मोजणीवर आखलेली व्यवस्था हंगामात कोलमडते.

प्रश्न : आमच्याकडे वन-वे केला, पण आठवड्यात सगळे उलटे घुसू लागले. चूक कुठे झाली?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : एकटा रस्ता वन-वे करून चालत नाही, त्याला परतीची जोड लागते. परतीचा रस्ता जवळून समांतर हवा आणि मधे जोडगल्ल्या हव्यात. फेरा लांबला की दुचाकीवाला उलटा येणारच. तिथे पोलीस उभा करून भागत नाही, फेराच कमी करावा लागतो.

दिशेचीही चूक फार होते. आपण डावीकडून चालतो, म्हणून जाणारा प्रवाह जोडीतल्या डाव्या रस्त्याने न्या आणि येणारा उजव्याने. उलट केलंत तर दोन्ही टोकांच्या चौफुलीवर प्रवाह एकमेकांना छेदतात आणि बाजारातली कोंडी चौफुलीवर येऊन बसते.

साडेसात मीटरची वाटणी अशी होते : पायवाट १.८, दुचाकी पार्किंग २, चालती लेन ३.७. एकच लेन उरते, त्यामुळे माल उतरवणारा टेम्पो उभा राहिला की सगळा रस्ता बंद. मालाची वेळ सकाळी ९ च्या आत ठरवा आणि ती व्यापाऱ्यांशी बसूनच ठरवा. लोटगाड्यांना हटवण्याआधी जवळच्या गल्लीत आखलेली जागा द्या. जागा न देता हटवलेली लोटगाडी संध्याकाळी परत येते, आणि त्या माणसाचं पोट त्यावर आहे.

नुसत्या ठरावावर दंड टिकत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली अधिकृत अधिकाऱ्याचा आदेश आणि कलम ११६ खालचे फलक, दोन्ही हवेत. बंदी महिन्याच्या आतली असेल तर राजपत्राची गरज नसते, स्थानिक प्रसिद्धी पुरते. तेवढ्यात चाचणी घ्या. मोजणी पुन्हा करा, मग कायम करा.

प्रश्न : बायपास झाला, आता त्यावरच ढाबे आणि दुकानं. गतिरोधक टाकावेत का?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : ओलांडणाऱ्या रस्त्यावर नको. आयआरसीच्या १९८८ च्या मार्गदर्शकातला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच होता, ताशी २५ किलोमीटरच्या वेगासाठी. असा गतिरोधक आतल्या रस्त्यांसाठी असतो. गल्लीत घालतात तो हातभर रुंदीचा उंच बांध पाठीचा कणा हलवतो. बायपासवर दुकानांची तोंडं सेवारस्त्यावर (मुख्य रस्त्यालगतचा, स्थानिक गाड्यांचा रस्ता) काढा आणि तिथून मुख्य रस्त्यावर यायला मोजक्याच जागी वाट ठेवा. तुमच्या गावाच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतीला ३० दिवस असतात. त्या मुदतीत सेवारस्त्याची मागणी नकाशावर रेघ ओढून लेखी द्या, आणि पोच घ्या.